शेजारी बसण्याचे वचन

कार्यशाळेचे वेळापत्रक पुन्हा एकदा पुसून ताईने फळ्याकडे पाठ केली आणि खुर्चीत अंग टाकले. खुणांच्या भाषेच्या दुभाष्यांसाठी दरवर्षी एका दिवसाची कार्यशाळा आखायची, हे काम तिच्याकडे कोणी सोपवले होते असे नाही. दुसऱ्या कोणी उचलले नाही म्हणून ते तिला चिकटले होते. आणि चिकटलेल्या कामाचा स्वभावच असा, की ते सोपवलेल्या कामापेक्षा अधिक वर्षे टिकते. दिवसभर दवाखान्यात नाहीतर न्यायालयात बहिऱ्या माणसाच्या हातांना आवाज द्यायचा, ऐकणाऱ्यांच्या आवाजाला हात द्यायचे, आणि एवढे करून जो काही जीव उरेल त्यात, इतर दुभाष्यांनी काय शिकावे याचा विचार करायचा.

"विषय ठरला का, ताई?" घड्याळाने विचारले. जोडीने काम करणाऱ्या दुभाष्यांना थोड्याथोड्या वेळाने पाळी बदलावी लागते. ती कधीही चुकू न देणाऱ्या या सहकाऱ्याला सगळे घड्याळ म्हणत, आणि तोही ते बिरुद मिरवत असे.

"गेल्या वर्षी ताण कसा कमी करावा, हा होता."

"आणि त्या व्याख्यानाचाच सगळ्यांना ताण आला."

"म्हणून यंदा दादाला बोलावतेय. सकाळी एक सत्र, दुपारी दोन."

दादा म्हणजे ताईचा थोरला भाऊ. जन्मापासून ऐकू न येणारा, बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेला, आणि हातांनी गोष्ट सांगू लागला की भल्याभल्यांना हातातली कामे खाली ठेवायला लावणारा. भाषा ज्याची आहे त्याच्याकडूनच ती शिकावी, ही गोष्ट इतकी उघड होती की आजवर संस्थेत ती कोणालाच सुचली नव्हती.

खोडा घातला तो संस्थेच्या अध्यक्षांनी. गृहस्थ वाईट नव्हते; आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीवर सही करू नये, एवढेच त्यांचे तत्त्व होते, आणि ते तत्त्व वाईट म्हणता येत नाही. कार्यशाळा पुढे चालू ठेवायच्या की गुंडाळायच्या, हे यंदा ते स्वतः येऊन, पाहून ठरवणार होते.

"तुमचे भाऊ खुणांनी बोलणार. मग त्यांचा दुभाषी कोण?"

"साहेब, खोलीभर दुभाषीच असतील."

"मी असेन ना! मला काही कळलंच नाही, तर सही कशाच्या जोरावर करू? तुम्हीच सांगा की मोठ्यानं. घरचाच तर माणूस आहे."

त्याच संध्याकाळी ताई दादाच्या घरी गेली. तिच्या हातांनी सांगितलेले सगळे दादाने पाहून घेतले आणि मग सावकाश आपले हात उचलले.

"आवाज असेल तर मी येणार नाही."

"एकच माणूस आहे रे. त्याच्यापुरतं हळू बोलेन."

"खोलीत आवाज आला की सगळे कान तिकडे वळतात. डोळे माझ्याकडे, लक्ष तुझ्याकडे. बघ, आत्तासुद्धा तुझे ओठ हलतायत."

ताईचा हात तोंडाकडे गेला. खरेच हलत होते. लहानपणापासून दुकानदाराला, डॉक्टरांना, खुद्द आईवडिलांना दादाचे म्हणणे तीच ऐकवत आली होती. आता खोलीत ऐकणारे कोणी नसले तरी ओठ आपले काम करून मोकळे होत. बहिऱ्यांमध्ये प्रत्येकाला एक खुणेचे नाव असते. दादाने तिला ठेवलेले नाव होते ओठांपुढे फडफडणारी दोन बोटे. तेव्हा ती चेष्टा होती.

"माझं बोलणं तू साऱ्या जगाला ऐकवलंस," दादा म्हणाला. "स्वतः कधी ऐकलंस?"

म्हणजे धरले तर चावते, सोडले तर पळते. आवाज दिला तर दादा येणार नाही, न दिला तर सही होणार नाही. दुसऱ्या दिवशी ताईने अध्यक्षांना फोन केला. "साहेब, मी तुमच्या शेजारी बसेन."

"वा! मग प्रश्नच मिटला."

फोन ठेवल्यावर घड्याळ म्हणाला, "ताई, हे वचन झालं की वकिली?"

"थकलेल्या माणसाला जेवढं खरं बोलता येतं, तेवढं बोलले."

कार्यशाळेच्या दिवशी खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या होत्या, म्हणजे कोणाचेही हात कोणाच्या डोक्याआड जाऊ नयेत. दादाच्या मागच्या खिडकीवर पडदा ओढला होता. उजेड पाठीशी असला की खुणा काळवंडतात. सुरुवात करण्याआधी दादाने खिशातून खोकल्याची गोळी काढून ताईच्या तळहातावर ठेवली.

"दातांत धर. हलली की मला दिसेल."

"मूग गिळून बसतात ऐकलं होतं," मागून घड्याळ पुटपुटला, "गोळी धरून बसलेलं पहिल्यांदाच पाहतोय."

दादाची पहिलीच आज्ञा अशी होती की सर्वांनी आपापले हात मांडीखाली घालावेत. आज उत्तर द्यायचे नाही, भाषांतर करायचे नाही, फक्त बघायचे. जन्मभर हातांवर पोट भरलेली माणसे आज्ञाधारकपणे हातांवर बसली. अध्यक्षांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि चारचौघांत वेगळे दिसू नये म्हणून आपलेही हात मांडीखाली सारले.

"काय म्हणतायत?" ते कुजबुजले.

ताईने मान हलवली.

"अहो, तुम्ही शेजारी बसणार होतात ना?"

तिने गोळी गालात सरकवली. "बसलेय की."

साहेबांचा चेहरा उतरला. सही गेली, असे ताईने मनाशी म्हटले. आणि दुःख करण्याइतकेही त्राण आपल्यात उरलेले नाही, हे तिच्या ध्यानात आले.

दादा गोष्ट सांगत होता. शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गभर आपली चप्पल शोधत हिंडणाऱ्या, आणि ती शोधताना भिंती, बाके, शिक्षक सगळ्यांना चप्पल कुठे आहे असे विचारणाऱ्या मुलाची. ही गोष्ट ताईने कितीदा तरी बोलून दाखवली होती. हशा कुठे येतो ते तिला पाठ होते. हशा तिथेच आला. एकदा ओठ हललेच, आणि गोळी दातावर वाजली.

अध्यक्षांना ना हात हलवता येत होते, ना मोबाईल काढता येत होता. करण्यासारखे दुसरे काहीच नसल्यामुळे ते बघत होते. बऱ्याच वेळाने ते ताईच्या कानाशी झुकले.

"तुमचे भाऊ थकलेत का हो?"

"का?"

"उजवा हात बघा. वर जायला निघतो आणि खांद्यापाशी अडतो. मग डावा हात सावरून घेतो."

ताईने पाहिले. चप्पल सापडते तेव्हा दादाचा हात डोक्याच्या वर उंच जात असे, विजयी पताकेसारखा. आज तो खांद्यापर्यंत येऊन मुकाट परतला. प्रत्येक खुणेचा अर्थ ती आजवर अचूक उचलत आली होती, आणि अर्थ उचलला की हात तिथेच टाकून पुढे जात होती. तिने दादाला दिलेला आवाज अजून तरण्याबांड माणसाचा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चहाच्या सुट्टीत तिने ओठ घट्ट मिटून विचारले, "खांदा?"

"वर्ष झालं."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. डॉक्टरांकडे. तू त्यांना शब्दन् शब्द सांगितलास," दादा डाव्या हाताने म्हणाला. "बरोबर सांगितलास."

ताई फळ्यापाशी गेली आणि दुपारची दोन्ही सत्रे तिने पुसून टाकली.

"अहो, मग दुपारी काय?" अध्यक्षांनी विचारले. ते तळहात चोळत उभे होते.

"काही नाही, साहेब. सगळे नुसते बसतील."

साहेबांनी कोऱ्या फळ्याकडे पाहिले, मग कोपऱ्यात खांदा दाबत बसलेल्या दादाकडे. "पुढच्या वर्षी खुर्च्या तरी मऊ बघा," ते म्हणाले. "हातांना मुंग्या आल्या."

ताई दादाच्या शेजारी जाऊन बसली. दादाने तिच्याकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले. त्याच्या भाषेत बोलणे संपवण्याची रीत हीच. गोळी केव्हाच विरघळून गेली होती. हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली.