देवीच्या तेजाला टाके

१९५८चा वैशाख. मालवणच्या बाजारात दाजींच्या फोटो-स्टुडिओसमोर मुंगी शिरायला वाव नव्हता. काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या कोऱ्या काचेवर तेजोनाथ महाराजांनी देवीच्या वस्त्राचा पिवळा तुकडा ठेवून ती महिनाभर पेटीत बंद केली होती. दाजी अंधाऱ्या खोलीतून काच धुऊन बाहेर आले. काचेवर काळंभोर चक्र! तेज काळं कसं, हे कुणी विचारलं नाही.

"साहेबानं अणू फोडला, आम्ही त्याचं तेज वस्त्रात बांधलं!" महाराज गरजले. दुर्दैव असं, की त्यांच्या सगळ्या प्रवचनात एवढंच वाक्य खऱ्याच्या जवळ होतं.

राधाबाईंना तसाच एक तुकडा मिळाला. सून शेवंती गरोदर, आधीची दोन पोटातच गेलेली. महाराजांची आज्ञा अशी, की तुकडा भिजवलेलं पाणी तिनं रोज सकाळी प्यायचं.

हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या सुनीतीबाईंनी काच उजेडात धरली.

"राधाक्का, देवीच्या तेजाला टाके कसे पडले?"

चक्रभर गंजिफ्रॉकासारखी बारीक वीण होती.

"देवीन वस्त्र विणल्यान नाय, तर काय चिकटवल्यान?"

गर्दी हसली. वर्तमानपत्र वाचणारे आम्हीही हसलो.

"हे गॅसबत्तीचं कोरं मेंटल आहे, ज्योतीवर बांधायची जाळी, गोल कापून हळद चोळलेली. त्यात थोरियम असतं, किरण सोडणारा धातू. त्याचे किरण कागदातून जाऊन काच काळी करतात. शेवंतीला ते पाणी देऊ नका."

"पुरावो हाड, बाये, मगे बोल," राधाबाईंनी पुरावा मागितला.

बाईंनी दुकानातलं नवं मेंटल कापून दुसऱ्या काचेवर ठेवलं. पुराव्याला महिना लागणार होता. पाण्याला एक घोट पुरत होता, आणि तो रोज चालूच राहिला.

महिन्यानं दोन्ही काचा शेजारी ठेवल्या. टाक्याला टाका जुळला. महाराज पहाटेच्या एस.टी.नं कणकवलीला पसार झाले होते.

"म्हणजे माझ्या दुकानात देवी डझनान आसत!" बत्त्या भाड्यानं देणारा महादू म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

"मेंटल थोरियमच्या क्षारात बुडवून वाळवतात," बाई म्हणाल्या. "तो क्षार पाण्यात उतरतो."

"पोराक काय होतला?" राधाबाईंनी विचारलं.

"ठाऊक नाही. कदाचित काहीच नाही. डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत."

राधाबाई सुनेकडे वळल्या. "गो, तू एकदाय बोलाक नाय?"

"पयल्याच दिसाक सांगितलंय, आये. पाणी तुरट लागता, जीभ ओढता. तुमी म्हटलास, देवीचां तेज तसांच लागता."

आम्ही सगळे त्या दोन काचांकडे बघत उभे राहिलो. शेवंतीकडे बघायची एकाचीही छाती झाली नाही.

वाचकहो, तीर्थ हातावर पडलं, की ते कशाचं, एवढं विचारा. देव असेल तर तो प्रश्नाला रागावणार नाही. आणि ज्याच्या घशात ते ओतायचं, त्याला चव कशी लागली ते विचारा. तो सांगेल तेव्हा ऐका.