झेंड्याची गाठ

इमारतीचा नियम असा, की राष्ट्रदिनाला गच्चीवरचा झेंडा सर्वांत वयस्कर माणसाने फडकवायचा. गेल्या वर्षापर्यंत हा मान काकूंच्या यजमानांचा होता. ते गेले, आणि वयाच्या रांगेत काकू पहिल्या आल्या. तिथेच सेक्रेटरीच्या पोटात दुखायला लागलं.

कारण काकू सरहद्दीपलीकडच्या. लग्न होऊन इथे आल्या, पोरं वाढवली, केस पिकले, दात पडले. तरी जिन्यात त्यांचं नाव एकच, 'पलीकडची'. बरं, माहेरी जावं तर तिथे भावजयाही हेच म्हणायच्या.

"काकू, गैरसमज नको," सेक्रेटरी म्हणाला, "पण झेंड्याला हात लावायचा तर इथल्या मातीतला माणूस हवा. यंदा मी फडकवतो. तुम्ही नेहमीसारखा बांधून तेवढा ठेवा."

म्हणजे बांधायला हात चालतो, फडकवायला चालत नाही. काकूंना लागलं, चांगलंच लागलं. यजमानांमागे तो एक मान त्यांना हवा होता, आणि तोही हा बाबा ढापायला निघाला होता. पण त्या 'बरं' म्हणाल्या. गच्चीवर गेल्या, झेंडा चापूनचोपून गुंडाळला, दरवर्षीची सुरगाठ मारली आणि वर चढवून ठेवला. त्या गाठीची एक खोड होती. आधी दोरी ढिली सोडायची, मग हलकेच झटका द्यायचा. यजमानांना हे ठाऊक होतं. सेक्रेटरीने विचारलंच नाही, आणि न विचारता सांगायला काकू काय आगाऊ आहेत?

सकाळी सगळी बिऱ्हाडं गच्चीवर जमली. सेक्रेटरीने छाती पुढे काढून दोरी खेचली. गाठ आवळली. पुन्हा खेचली, आणखी आवळली. शेवटी तो दोरीला लोंबकळलाच, तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं. काकू आपल्या आकाशाकडे बघत उभ्या.

"काकू," तो घाम पुसत म्हणाला, "जरा बघता का?"

"मला कसं चालेल, बाबा? मी पलीकडची."

"असं काय करता, तुम्ही इथल्याच की."

"मागच्यांना ऐकू नाही गेलं."

सेक्रेटरी मागे वळला आणि सगळ्या गच्चीला ऐकू जाईल असं म्हणाला, "काकू इथल्याच आहेत."

मग काकूंनी चष्मा सावरला, दोरी ढिली सोडली, हलकासा झटका दिला. झेंडा सरसर उलगडला. त्यांना यजमानांची आठवण झाली आणि डोळे भरून आले.

खाली उतरताना सूनबाईने विचारलं, "आई, ही गाठ शिकलात कुठे?"

"माझ्या वडिलांकडे. त्यांच्या शाळेत तिकडचा झेंडा याच गाठीने चढायचा. इतकी वर्षं आपलाही चढतोय." काकूंनी मागे वळून पाहिलं. "हळू बोल गं. सेक्रेटरीला कळलं, तर पुढच्या वर्षी तो दोरीचंही माहेर विचारेल."