अपांच्या दंडावर

मी एक पट्टा. मला दंडाला गुंडाळायचं, रबरी फुगा दाबून फुगवायचं, मग माझी तबकडी रक्ताचा दाब सांगते. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण ते दिवस मला आठवत नाहीत. आठवतं ते नारीन शहरातलं औषधाचं दुकान आणि मला उचलून घेणारा सोनुनबूंचा खरखरीत हात. घरात सगळे त्यांना अपा म्हणत, म्हणजे आई.

त्यांचे यजमान कासिमबेक त्याच आठवड्यात चक्कर येऊन घोड्यावरून पडले होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज दाब मोजायला सांगितला. अपा माझ्याबरोबर आलेल्या नळ्या कानाला लावून ठोके ऐकायला शिकल्या. तेव्हापासून रोज सकाळी मी म्हाताऱ्याच्या दंडावर. आमच्याकडे चहा खारट पितात; आकडा चढला की त्याच्या चहातलं मीठ बंद, मेंढीच्या शेपटीची चरबी बंद. स्वतःच्या चहाच्या वाटीत मात्र अपा चिमूटभर मीठ टाकतच राहिल्या.

पाहुणे आले की माझी चैन असे. मटण शिजेपर्यंत पुरुष बाह्या सरसावून बसत आणि कोणाचा आकडा मोठा यावरून एकमेकांना चिडवत. बायका कधी बसल्या नाहीत. हृदयाचं दुखणं पुरुषांचं, अशी सगळ्यांची खात्री होती. अपांची तर जास्तच.

उन्हाळ्यात आम्ही वर कुरणावर जातो. एका वर्षी घोड्या व्यायल्या, त्यांचं दूध आंबवून किमीझ तयार झालं, आणि म्हाताऱ्यानं गोळ्यांची पिशवी तंबूच्या काठीला अडकवून ठेवली. किमीझनं रक्त साफ होतं, मग गोळ्या कशाला, असं कुरणावर बरेच जण म्हणतात. मला राग येतो, पण मला विचारतो कोण.

अपा त्याच्याशी भांडत. अलीकडे दुधाची बादली उचलली की त्यांना धाप लागे, पण ते वयावर ढकललं जाई. एका सकाळी म्हाताऱ्याचा दाब मोजताना माझ्या फुग्यावरचा त्यांचा हात एकदम गार पडला, घामानं निसरडा झाला. त्या तिथंच खाली बसल्या. जबडा ठणकतोय म्हणाल्या. दाढ असेल, थंडीआधी काढू, असं सगळ्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गोळ्यांसाठी मागे लागल्या, तेव्हा म्हातारा वैतागला. "आधी तुझा दंड दाखव. तुझा आकडा माझ्यापेक्षा लहान निघाला, तर तुझ्यासमोर गोळी गिळतो."

सून नुरझातनं हसत हसत नळ्या कानाला लावल्या. अपांच्या दंडावर मी पहिल्यांदाच बसत होतो. नुरझातचं हसू गेलं. तिनं पुन्हा मोजलं. म्हाताऱ्याच्या सर्वांत वाईट दिवशीही मी एवढा आकडा दाखवला नव्हता.

"बिघडलंय ते," अपा म्हणाल्या. "सोडा मला, घोड्या खोळंबल्यात."

मला फार लागलं ते. म्हाताऱ्यानं मात्र शेजाऱ्याची गाडी मागितली. घोड्यांचं दूध कोण काढणार, हे अपा डोंगर उतरून खाली पोचेपर्यंत विचारत होत्या.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, ती दाढ नव्हती. त्या सकाळी अपांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. दाब कित्येक वर्षं चढलेलाच असणार. वय झालं की तो बाई-पुरुष बघत नाही, आणि बायकांना दर वेळी छातीतच दुखतं असंही नाही.

म्हातारा म्हणाला, "रोज माझ्यासमोर बसायची हो ती. हातभर अंतरावर."

अपा वाचल्या. आता त्यांना बादल्या उचलायची मनाई आहे, आणि म्हातारा घोड्या पिळायला बसला की शेजारी त्याची टर उडवतात. त्याला फरक पडत नाही. दोघांच्या गोळ्या किमीझच्या दिवसांतही चालू असतात.

मीही म्हातारा झालोय, माझी पकड सैल पडलीये. सकाळी नुरझात मला बाहेर काढते, आणि अपा सवयीनं नवऱ्याची बाही वर करायला जातात. तो हात मागे घेतो, "आधी तुझा दंड," म्हणतो.

तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याचा फुगा रोज कोणाचा हात दाबतो, ते बघा. आणि आज त्या हाताची बाही वर करा.