सृष्टीच्या गोळ्या

सहादेव निमसे बोलायला लागला की लिंबाच्या व्यापाऱ्यानंही गप्प बसावं. कर्जतच्या पट्ट्यात चार लग्नं त्यानं नुसत्या जिभेवर जमवली होती. पोरीला चक्कर येते? "उपवास लई करती." पोराला नीट ऐकू येत नाही? "बोलायला कमी हाय, गरीब सोभावाचं." असल्या माणसाला डॉक्टरपुढं बसवायलाच नको होतं, पण मुलीपुढं दुसरा इलाज नव्हता.

मुलगी म्हणजे सृष्टी. विमान चालवते. एसटी स्टँडसमोर तिचा फ्लेक्स लागला होता, त्यात तिच्या चेहऱ्यापेक्षा बापाचा फेटाच मोठा, आणि खाली ठळक अक्षरात 'वडील: सहादेव निमसे'. गेल्या वर्षी तिची झोप उडाली, जीव कशात लागेना. ती नोकरीला होती तिथल्या डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या. सहादेवनं फोनवर सांगितलं, "कंपनीच्या मेडिकल तपासणीआधी बंद कर आन् कुणाला बोलू नको." पोरीनं ऐकलं. मेडिकल पास झाली आणि दोन महिन्यांत अंथरुणाला खिळली. मग तिनं स्वतःहून कंपनीला सगळं खरं कळवलं. उडणं बंद झालं, गोळ्या परत सुरू झाल्या.

आता आठ महिने तिची तब्येत चांगली होती. गोळ्या चालू असताना तिला उडू द्यायचं की नाही, हे वैमानिकांची तब्येत तपासणारं मेडिकल बोर्ड ठरवणार होतं. त्यासाठी नगरच्या मानसोपचार डॉक्टरांचा अहवाल हवा होता, घरच्या माणसाच्या जबाबासकट. गावात मात्र सहादेवचं एकच पालुपद, "लांब रजेवर हाय."

डॉक्टरबाईंनी सृष्टीला बाहेर बसवलं आणि पेन उघडलं. "काका, गेल्या वर्षी गोळ्या मध्येच बंद झाल्या. कुणाच्या सांगण्यावरून?"

टेबलापलीकडं अनोळखी माणूस, आणि प्रश्न पोरीच्या तब्येतीचा. झालं! सहादेवची जीभ स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं चालते तशी आपोआप चालू लागली.

"कसल्या गोळ्या, म्याडम? आमची पोर हसतीखेळती हाय. मधी जरा पित्त झाल्तं, बास."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग सृष्टीला आत बोलावलं.

"तुझं आणि वडिलांचं सांगणं जुळत नाही," त्या म्हणाल्या. "तू म्हणतेस गोळ्या वडिलांनी बंद करायला लावल्या. ते म्हणतात गोळ्या नव्हत्याच. हे असंच पुढं गेलं तर बोर्डानं तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

सृष्टीनं बापाकडं पाहिलंसुद्धा नाही. ती खाली फरशीकडं बघत राहिली, जणू खोटं तिनंच बोललं होतं.

सहादेवचे कान तापले. पोरगी धाडस करून खरं बोलली होती, नोकरी पणाला लावून बोलली होती, आणि बापानं एका 'पित्ता'त तिला खोटं पाडलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. त्याला वाटायचं, पोरीच्या आजाराची आपल्याला लाज वाटते. आज पहिल्यांदा त्याला स्वतःची वाटली.

"म्याडम, ते खोडा," तो म्हणाला.

"खोडता येत नाही, काका. नवीन लिहून द्या. तुमच्या हातानं."

एवढा बोलघेवडा माणूस, पण चार ओळी लिहिताना त्याला घाम फुटला. 'मी खोटे बोललो. गोळ्या मीच बंद करायला लावल्या. लोक काय म्हणतील म्हणून. मुलगी सांगते ते खरे आहे.' खाली सही केली. सहीखाली छापलं होतं, 'रुग्णाशी नाते', आणि पुढं मोकळी जागा.

तिथं पेन थांबलं. फ्लेक्सवर हा शब्द त्यानं केवढ्या मोठ्या अक्षरात छापून घेतला होता! आता तो हातातून उतरेना.

"काय झालं, काका?" बाईंनी विचारलं.

सृष्टीनं खुर्ची जवळ ओढली आणि कागदावर त्या जागी बोट ठेवलं.

"वडील," ती हळूच म्हणाली. "वडील लिहा, आण्णा."