नववीचे चव्वेचाळीस टक्के

“पोरीला उद्यापासून शाळेत पाठवा. नववी कोणी पाहत नाही असं धरून चालू नका. कधीतरी कोणीतरी पाहतंच.”

जया मॅडम आमच्या ओसरीत उभ्या राहून हे बोलल्या, त्याला आता चार वर्षं झाली. त्या माझ्या मोठ्या मुलीच्या, प्रेरणाच्या वर्गशिक्षिका. राळेगावच्या पलीकडे एक तांडा आहे, तिथून शिकून वर आलेल्या. मी बाजेवर होते, कुशीत पंधरा दिवसांची वैष्णवी, बाजेखाली शेगडी. मी चक्क हसले. म्हटलं, “मॅडम, मी बीएस्सी झाली. आजपर्यंत मले नववीचे मार्क एकानं विचारले नाही.”

त्या हसल्या नाहीत. स्कूटी सुरू करताना एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत चौदा वर्षांची प्रेरणा भाकरी थापत होती.

त्याचं असं झालं होतं की माझी आई आधीच वारलेली, त्यामुळे दुसरं बाळंतपण सासरीच. सिझर झालं आणि टाके पिकले. आमच्या घरी बाळंतीण सव्वा महिना चुलीला हात लावत नाही. माझ्या सासूबाई तानाबाई या बाबतीत कोणाचं ऐकत नाहीत. पण दिवस होते कापूस वेचणीचे. वेचायला आलेल्या बायांवर कोणी उभं राहिलं नाही तर बोंडात अर्धा कापूस तसाच राहतो, म्हणून सासूबाई सकाळी आठलाच वावरात. राहिली कोण? प्रेरणा.

“सव्वा महिन्याचाच त सवाल हाय,” सासूबाई म्हणाल्या. “पोट्टीची जात, थोडं शिकन बी.”

शाळेनं काही म्हटलं नाही. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे अर्धा वर्ग वावरात असतो आणि हजेरीपट मात्र भरलेला असतो. सव्वा महिना दिवाळीच्या आसपास संपला. माझे टाके डिसेंबरात सुकले. प्रेरणा नेमानं शाळेत जायला लागली ती फेब्रुवारीत. मधले दोन महिने कुठे गेले, हे मी तेव्हा मोजलं नाही.

नववीत तिला चव्वेचाळीस टक्के पडले. तिने गुणपत्रिका घडी न घालता फाईलमध्ये ठेवली. मी म्हटलं, “दहावीत भरून काढ.” तिनं काढलं. दहावीला एक्क्याण्णव, अकरावीला अठ्ठ्याऐंशी. मी मनात म्हटलं, पाहा मॅडम.

मग बारावीत जया मॅडमनीच तिला त्या कॉलेजचं सांगितलं. दक्षिणेत कुठेतरी आहे, तिथेच राहून शिकायचं. सगळ्या देशातून दीडशे पोरं घेतात आणि ज्याला झेपत नाही त्याला फी माफ. प्रेरणाला किड्यांचा अभ्यास करायचा होता. बोंडअळी चिरून पाहणारी पोरगी ती. सासूबाई तिला म्हणायच्या, “अवो माय, लोकं अळी मारतेत, हे तिचं पोट पाहून राह्यली.” दोन महिने घरात त्या कॉलेजशिवाय विषय नव्हता. यवतमाळचं नको, अमरावतीचं नको, तेच.

अर्ज उघडला आणि पहिल्याच पानावर दिसलं, नववी, दहावी, अकरावी, तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका जोडा. त्याखाली एक रिकामी चौकट. एखाद्या वर्षी गुण घसरले असतील तर कारण लिहा.

ती चौकट मी दोनदा वाचली आणि मोबाईल तिच्या हातात परत दिला. प्रेरणा म्हणाली, “लिहीन मी. तू नोको टेन्शन घेऊ.” मोबाईलवर कोपऱ्यात बसून तिनं ते लिहिलं. दाखव म्हटलं तर म्हणाली, “नंतर.” मी घरातलं सगळं पाहते. कोणाच्या ताटात काय उरलं, कोण कोणाशी किती बोललं, बारकीचं अंग तापतं आहे का. ती चौकट तेवढी मला पाहता आली नाही.

त्याच आठवड्यात उकंडाभाऊजी चहाला आले. ह्यांचे चुलतभाऊ, प्रेरणाच्याच शाळेत क्लार्क. बशीत चहा ओतत म्हणाले, “कायले तोंड पाडून बसल्या वहिनी?”

मी सांगितलं.

“हात्तिच्या! दहावी-बारावी बोर्डाची. नववी त आपल्या घरची हाय. कागद मायाजवळ, शिक्का मायाजवळ. पोट्टीनं घरासाठी वर्ष घातलं. तिले चार मार्क जास्त देले त कोणाच्या बापाचं काय गेलं?”

“चार नाही भाऊजी. चाळीस.”

“मंग चाळीस. इतके चहा पेतो मी तुमच्या घरी. कवातरी त काही काम सांगा मले.” आणि ते स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

मला ते पाप वाटलं नाही. कसं सांगू, मला वाटलं मी तिचं वर्ष तिला परत देते आहे. चौथ्या दिवशी भाऊजींनी नवीन गुणपत्रिका आणून दिली. चव्वेचाळीसचे चौऱ्याऐंशी झालेले. शाई, सही, शिक्का, सगळं खरं. फक्त मार्क खोटे.

शेवटच्या तारखेला प्रेरणाचं सहामाहीचं प्रॅक्टिकल होतं आणि मोबाईलवरून गुणपत्रिकांचे फोटो चढत नव्हते. तिनं मला पासवर्ड लिहून दिला, फाईल दिली. “आई, तू राळेगावला जाऊन चढवून दे.” मी बारकीला कडेवर घेऊन एसटीनं गेले, पिंटूच्या ऑनलाइनच्या दुकानात. तिच्या फाईलमधली नववीची काढली नाही. माझ्या पर्समधली दिली.

पिंटूनं चढवलं. पडद्यावर एकेका रकान्यासमोर हिरव्या खुणा आल्या. त्या चौकटीसमोरही हिरवी खूण होती.

“दाबू का वहिनी? एकदा दाबलं त मंग ब्रह्मदेव आला तरी उघडत नाई.”

“दाबा.”

संध्याकाळी मोबाईलवर पूर्ण अर्जाची प्रत आली. मी पीठ मळता मळता उघडली. इंग्रजीत होतं. प्रेरणानं लिहिलं होतं की, नववीत मला चव्वेचाळीस टक्के मिळाले. त्या वर्षी माझी बहीण झाली. आईची जखम मी रोज कोमट पाण्यानं पुसायची आणि वावरातल्या गड्यांसकट सात माणसांचा स्वयंपाक करायची. डिसेंबरात आई बरी झाली. तरी मला कोणी शाळेत जा म्हटलं नाही. मीही विचारलं नाही, कारण घराला माझी सवय झाली होती.

त्याच्या दोन पानं खाली माझे चौऱ्याऐंशी.

मी तसंच पीठ मळत राहिले. नको तेवढं मळलं. पोळ्या वातड झाल्या, तर सासूबाई म्हणाल्या, “कुठं ध्यान हाय तुयं?”

पंधरा दिवसांनी मेल आला. प्रेरणाची मुलाखत, नागपुरात, सर्व मूळ कागदपत्रांसह. ती अंगणभर नाचली. ह्यांनी गल्लीत पेढे वाटले. “आता आपल्या घरी मॅडम झाली. चहा आता बापानं करायचा.” ती म्हणाली, “बाबा, तुमच्या चहाले साखर जास्त राहते, मी नाही पेत.” सगळे हसले. मीही हसले.

मुलाखतीला अकरा दिवस होते. मी आधी उकंडाभाऊजींना गाठलं. शाळेच्या मागच्या दारात उभं राहून ते हळूच म्हणाले, “सोपं हाय. जुनी फाडून टाका. आपलीच खरी.”

“भाऊजी, तिनं स्वतः लिहून दिलं आहे चव्वेचाळीस म्हणून.”

त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. “काहून लिहिलं बाप्पा असं? कोणी सांगतलं होतं तिले?”

मग मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, “तू शिकेल सवरेल बाई अशी कशी वागली?” आणि थोड्या वेळानं, “भाऊच्या पेन्शनले दोन वर्सं हायेत. त्याचं नाव घेशील त पाय मंग.”   आमची दोन घरं एका भिंतीची आहेत.

जया मॅडमकडे गेले तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी एवढंच म्हटलं, “कॉलेजला तुम्हीच मेल करा, ‘हे मी, तिच्या आईनं केलं’ असं लिहून. पण त्याआधी प्रेरणाला सांगा. तिला तिथे कळू देऊ नका.”

“आज सांगते.”

आज, उद्या करत अकरा दिवस गेले. ती आरशासमोर इंग्रजीत बोलायची, माझ्याकडे पाहून विचारायची, “बरोबर बोलून राह्यली ना मी?” अशा वेळी तोंड उघडावं तर बारकी रडायची, सासूबाई हाक मारायच्या, कुकर व्हायचा. म्हणजे मी त्या सगळ्याची वाट पाहायची. एकदा तर मी तिला हात धरून पडवीत नेलं. ती म्हणाली, “काय झालं आई?” आणि मी म्हटलं, “तिकडे थंडी राहते. स्वेटर घेशील.”

मुलाखतीच्या सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिची फाईल उघडली. एका हातात जुनी गुणपत्रिका, एका हातात नवी. जुनी फाडली असती तरी चौकटीतलं फाडता येत नव्हतं. मी जुनी तशीच ठेवली, नवी चुलीत घातली. ती आणि हे सहाच्या एसटीनं गेले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मग मी तिथेच, थांब्याच्या बाकावर बसून मेल लिहिला. नववीची जोडलेली गुणपत्रिका खोटी आहे. ती मी, तिच्या आईनं जोडली. मुलीला काहीच माहीत नाही. कोणी बनवून दिली ते लिहिलं नाही. लिहीत-खोडत पाठवला तेव्हा साडेदहा वाजले होते. मग तिला फोन लावला. बंद होता. मुलाखतीच्या पत्रात लिहिलं होतं फोन बंद ठेवा म्हणून, आणि माझी पोरगी लिहिलेलं सगळं पाळते. ह्यांना लावला तर म्हणाले, “आत गेली ती. आता कायले?”

दीड वाजता तिचा फोन आला.

“आई, तू केलं?”

“हो.”

“त्यांनी मला तुझा मेल दाखवला. सगळ्यांसमोर नाही, एका मॅडमनं बाजूला घेऊन. विचारत होत्या, तुला माहीत होतं का. मी नाही म्हटलं.” पलीकडे कोणाच्या तरी चपलांचा आवाज येत होता. “मी खरं बोलली तरी मला घाम येत होता, आई. ते मानतील का?”

“तू जेवली का?” मी विचारलं.

“तू मला अकरा दिवस पाहत होती,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आठवड्यानं कॉलेजचं पत्र आलं. भाषा फार चांगली होती. मुलीची चूक दिसत नाही, मात्र अर्जात खोटा कागद असल्यानं यंदा विचार करता येत नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा अर्ज करू शकते. ह्यांनी ते तीनदा वाचलं आणि घडी घालून कपाटात टाकलं. उकंडाभाऊजींचं नाव कुठेच आलं नाही. तरी ते आता चहाला येत नाहीत, आणि भिंतीपलीकडून त्यांची बायको मोठ्यानं बोलते, मला ऐकू यावं म्हणून.

प्रेरणा भांडली नाही. मी वाट पाहिली. ओरडेल, ताट भिरकावेल, काहीतरी. तिनं बारावी दिली, एकोणनव्वद पडले, आणि नागपुरात बीएस्सीला नाव टाकून वसतिगृहात राहायला गेली. जाताना वैष्णवीचे मुके घेतले, आजीच्या पाया पडली. माझ्याही पडली, नियमात होतं म्हणून. तेव्हापासून फोन बाबांना येतो. मी मागून घेतला तर “हो,” “जेवली,” “ठेवते.” सासूबाई म्हणतात, “बोलत नाई त काय झालं, शिकून त राह्यली.”

मी इथेच आहे. तेच घर, तीच भिंत, वावरात पुन्हा कापूस फुटला आहे. वैष्णवी दिवसभर माझ्या मागे असते आणि मी तिला एक ग्लासही उचलू देत नाही, तर सासूबाई म्हणतात मी पोट्टीला बिघडवून राह्यली.

त्या कॉलेजचे अर्ज पुन्हा सुरू झाले आहेत. शेवटची तारीख याच महिन्याची तीस. मी रोज ते पान उघडून पाहते. भरला का, हे मी तिला विचारू शकत नाही. मी विचारलं तर तिला वाटेल आईचा हात पुन्हा आत येतो आहे, आणि ती भरणार असेल तरी भरणार नाही. हे विचारतात तर म्हणते, “पाहू.” जया मॅडमची बदली ढाणकीकडे झाली, त्यांचाही फोन ती उचलत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही नागपुरात राहत असाल, तुमची मुलगी, भाची, कोणी तिथे बीएस्सीला पहिल्या वर्षाला असेल, तर एकदा पाहून या. उंच आहे, डाव्या मनगटावर तव्याचा जुना डाग आहे, वर्गात खिडकीजवळ बसते असं बाबांना म्हणाली होती. माझं नाव घेऊ नका. अभ्यासाचं काहीतरी विचारा, किड्यांचं विचारा, मग ती बोलते. आणि बोलता बोलता काढून घ्या, तिनं अर्ज भरला का. तीस तारखेच्या आत जा.