शेवटचे आटे

सासऱ्यांनी आटे पाडायचा टॅप अर्धा फेरा पुढे नेला, पाव फेरा मागे घेतला आणि कान चॅसिसजवळ नेला. तेलाची बुधली घेऊन सून शेजारी उभी होती.

वितळलेल्या जस्ताच्या कढईत बुडवून आणलेली जीपची चॅसिस कशी लखलखत होती. गंजाची चिंता मिटली. पण तेच जस्त बोल्टच्या प्रत्येक भोकात जाऊन बसलं होतं. एकेक भोक साफ करून आत पुन्हा आटे पाडायचे होते. सतरा झाली, उरलं ते स्टिअरिंगचं. त्यात टॅप तुटला की संपलंच. टॅपचं पोलाद इतकं कडक, की अडकलेला तुकडा ड्रिललाही दाद देत नाही.

"बाबा, एवढं एक मी करते ना."

"का? माझे हात काय गहाण पडलेत?"

हट्टी माणूस! तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजव्या हाताची बोटं बधिर होती. घरात कुणी विचारलं की "झालंय की बरं" म्हणून मोकळे. बरं कसलं, डोंबल! परवा चहाचं उकळतं भांडं त्यांनी उघड्या हाताने उचलून शांतपणे टेबलावर ठेवलं, तेव्हा सुनेच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. टॅप किती जोर सोसेल ते बोटांनाच कळतं. आज सकाळी त्यांनी सांगून टाकलं होतं, एक जरी टॅप तुटला तर वर्कशॉप तुझं, मी घरी बसतो. चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस घरी बसून काय करणार? म्हणून तिने जास्त ताणलं नाही.

टॅप करकरला. त्यांचा हात जागीच थांबला.

"तेल."

तिने दोन थेंब सोडले. मागे, पुढे, पुन्हा मागे. टॅप एकदम हलका झाला आणि पलीकडून त्याचं टोक दिसलं. त्यांनी तो उलटा फिरवून काढला. तिने बोल्ट लावून पाहिला, तर तो नुसत्या चिमटीने शेवटपर्यंत गेला. तिचा जीव भांड्यात पडला.

"बाबा, मानलं तुम्हाला!"

"मानू नकोस." ते टॅप पुसत राहिले. "कानाने केलं सगळं. करकरला की थांबायचो. बोटांना काही म्हणजे काही कळलं नाही. अठराच्या अठरा तसेच."

तीन महिन्यांत पहिल्यांदाच ते खरं बोलले होते. तिला फार वाईट वाटलं.

"मग कानाने करा," ती शेवटी म्हणाली. "काम झाल्याशी मतलब."

ते हसले नाहीत. बोल्ट काढून, उरलासुरला कीस झटकायला त्यांनी भोकाच्या तोंडाशी बोट फिरवलं.

"आई गं!"

बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला. ती फडकं घेऊन पुढे झाली.

"ब्रश कशाला ठेवलाय मग? दाखवा बघू. कुठलं बोट..."

उजव्या हाताचं मधलं बोट होतं.

दोघंही त्या बोटाकडे बघत राहिले. मग सासऱ्यांनी शर्टाला लावलेली सेफ्टी पिन काढून तिच्या हातात दिली, डोळे गच्च मिटले आणि हात पुढे केला.

"टोच. शेजारच्या बोटाला."

"काहीतरीच काय, बाबा!"

"अगं, टोच म्हणतो ना!"

तिने टोचलं.

"मेलो, मेलो! हळू की जरा!" ते ओरडले, आणि लगेच करंगळी पुढे केली.