आत्मटीकेचे कागद

मुलं त्यांना ‘चिनी सर’ म्हणत, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. आधुनिक चीनमधल्या क्रांतिकारी चळवळींचा अभ्यासक्रम ते विद्यापीठात एकवीस वर्षं चालवत होते. सुरुवातीला सात टाळकी जमत, आता खुर्च्या पुरत नसत. याचा सरांना अभिमान होता आणि तो लपवायची अक्कल नव्हती.

गर्दी व्हायची ती एका तासापायी. सत्र अर्ध्यावर आलं की सर प्रत्येकाकडून आत्मटीका लिहून घेत. “तिथे पक्ष आपल्याच माणसांना बसवून हे लिहायला लावायचा,” ते सांगत. “खोटं लिहाल तर त्यातली भीती कळायची नाही. खरं लिहा. मी एकदा वाचीन आणि फाडून टाकीन.” मुलं बिचारी विश्वासाने लिहीत. कोणी केलेली चोरी लिही, कोणी आईवरचा राग.

फाडणं मात्र सरांच्या हातून एकदाही झालं नाही. दुसऱ्यांनी जाळलेल्या दप्तरांसाठी जन्मभर हळहळलेला माणूस तो, स्वतः कागद फाडणार कसा? वर्षवार फायली, पानापानावर नाव आणि क्रमांक, कपाटाला कुलूप. शिकलेल्या माणसाचा मूर्खपणासुद्धा कसा नीटनेटका असतो बघा.

त्या वर्षी धरपकड सुरू झाली. सरकारविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांना घराघरातून उचलू लागले. मंगळवारी सकाळी कुलसचिव दोन अनोळखी माणसांना घेऊन सरांच्या खोलीत आले. अभ्यासक्रमाची चौकशी आहे म्हणाले आणि कपाटाची किल्ली मागितली.

“ते मुलांचे खाजगी कागद आहेत,” सर कसंबसं म्हणाले.

“मग तर बघायलाच हवेत,” त्यातला एकजण हसला.

कोणी हात उगारला नव्हता की आवाज चढवला नव्हता. तरी सरांची पाचावर धारण बसली आणि त्यांनी किल्ली काढून दिली. फायली खोक्यांत भरून खाली गेल्या तेव्हा दहासुद्धा वाजले नव्हते.

विद्यापीठात चौकशी आल्याचं ऐकून दुपारी वर्गातली एक अबोल मुलगी दारात आली. “सर, आमचे कागद फाडलेत ना?”

तिचं पान सरांना शब्दन्‌शब्द आठवत होतं. पोलीस शोधत असलेला भाऊ मावशीकडे माळ्यावर लपलाय, त्याच्यापायी आई झुरतेय, आणि आपल्याला त्याचा राग येतो, असं तिने लिहिलं होतं.

“हो तर,” सर म्हणाले. “केव्हाच.”

“हुश्श! जीव टांगणीला लागला होता हो. मावशी म्हणत होती, दादाला आजच दुसरीकडे हलवू. आता राहू दे म्हणून सांगते.” तिने फोन काढला.

सर खुर्चीतून उठले. “थांब. नाही फाडले. सकाळी नेले त्यांनी.”

तिने मावशीचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. तिने पुन्हा लावला. मावशी उचलेना, भाऊही उचलेना.

“कशाला ठेवलेत, सर?” तिने विचारलं. ती रडतसुद्धा नव्हती.

दस्तऐवजांचं मोल यावर सर तास न्‌ तास बोलू शकत.

“तुझं पान फार सुरेख उतरलं होतं,” ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.